सालप्याच्या घाटाने घरी

कात्रजचा बोगदा आणि खंबाटकीचा घाट रुळण्याआधी पुण्याहून साताऱ्याला जाणारा मोठा रस्ता दिवे घाट चढून सासवडला जायचा. तिथून जेजुरी, वाल्हे करत नीरा नदी ओलांडायचा, लोणंदला टेकायचा आणि सालप्याचा घाट चढून वाठार, देऊरवरून साताऱ्यात शिरायचा. आज या रस्त्याला लोक ‘आडवाट’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. पेशव्यांच्या फौजा, वंजाऱ्यांचे तांडे, माउलींची पालखी, इंग्रजांच्या पलटणी आणि नंतर आगगाडीसुद्धा ज्या वाटेनं गेली, ती आडवाट कशी?

मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, वाठार स्टेशनच्या पुढं, वसना नदीच्या खोऱ्यात. पुण्यात घर झालं तरी शेत, थोरला भाऊ आणि आई तिकडंच. नोकरीत असताना गावी जायचं म्हणजे शनिवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत, त्यामुळं महामार्गाखेरीज दुसरा विचार नसायचा. आता वेळ आपला आहे. सकाळी लवकर निघतो आणि मुद्दाम जुन्या रस्त्यानं, थांबत थांबत जातो. पंचवीस-तीस किलोमीटरचा फेर पडतो. तास-दोन तास सहज जास्त जातात आणि कुठं उतरलो, कुणाशी बोलत बसलो तर दिवस जातो. पण रस्ता वाचायचा असेल तर तो सावकाशच वाचावा लागतो.

हडपसरचा गाडीतळ सोडला की फुरसुंगी, वडकी आणि मग दिवे घाट. घाटाच्या पायथ्याशी उजव्या हाताला मस्तानी तलाव दिसतो. पेशवाईतला हा दगडी बांधाचा तलाव उन्हाळ्यात तळ गाठतो, पण त्याची जागा बघा. घाट चढण्याआधी बैलांना आणि माणसांना पाणी लागतं, आणि पाणी नेमकं तिथंच आहे. जुन्या रस्त्यांचा हाच नियम. चढ सुरू होण्याआधी पाणी, चढ संपल्यावर विसाव्याला झाड आणि दिवसाच्या चालीवर एक मुक्कामाचं गाव. आमच्या पुस्तकांत रस्त्याची आखणी म्हणजे उतार, वळणाची त्रिज्या आणि दृष्टीचा टप्पा. पूर्वीच्या माणसांची आखणी बैलाच्या दमावरून ठरायची. घाटातली जुनी वळणं आपल्याला आता अकारण लांबलेली वाटतात, कारण आपल्या गाडीला दम लागत नाही. आषाढी वारीत माउलींचा रथ हा घाट चढतो तेव्हा मात्र पुढं जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. त्या दिवशी त्या वळणांचा अर्थ कुणालाही कळतो.

या पालखीचा आणि आमच्या भागाचा संबंध फार जवळचा आहे. आळंदीहून पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेण्याची, दिंड्यांचे क्रम लावलेली आजची पद्धत बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आरफळ आमच्या सातारा भागातलंच गाव. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला होते. परंपरा अशी सांगते की, कमावलेलं धन घेऊन ते घराकडं निघाले, सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना अडवलं आणि लुटून गुहेत कोंडलं. तिथं त्यांनी हरिपाठ चालू ठेवला. सुटका झाल्यावर ते आरफळला गेले नाहीत, थेट आळंदी गाठली आणि उरलेलं आयुष्य माउलींच्या पायाशी काढलं. घरी निघालेला माणूस घरी पोचला नाही, पण त्यानं घालून दिलेली वारी दरवर्षी लाखो माणसांना घरून निघायला आणि घरी परतायला लावते. पालखी लोणंदवरून फलटणकडं वळते, साताऱ्याकडं येत नाही. तरीही सासवडपासून लोणंदपर्यंतचा हा सगळा पट्टा तिच्या पावलांनी रुंद झालेला आहे.

सासवडला मी नेहमी थांबतो. कऱ्हेच्या काठी संगमेश्वर, थोडं पुढं चांगावटेश्वर, गावात सोपानदेवांची समाधी, पुरंदऱ्यांचे वाडे. पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ इथंच एप्रिल 1720 मध्ये वारला. जवळच्या कोढीतला 1898 साली आचार्य अत्रे जन्मले आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्राला याच नदीचं नाव दिलं. एवढं सगळं पाऊण तासाच्या अंतरात आहे आणि पुण्याची माणसं सासवडला येतात ती पुढं नारायणपूर किंवा जेजुरीला जाण्यासाठी. गावातून चालत जाण्याइतका वेळ त्यांना काढता आला पाहिजे, असं मला फार वाटतं.

मला मात्र सासवडला आलं की खानवडी आठवते. गाव सासवडच्या पूर्वेला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. महात्मा फुल्यांचं मूळ घराणं गोऱ्हे आडनावाचं, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. चरित्रकार लिहितात की, त्यांचे पणजोबा कटगुणला चौगुले होते, कुळकर्ण्याशी झालेल्या वैरातून गाव सोडून ते पुरंदरातल्या खानवडीला आले, आणि आजोबा शेटीबा पुढं पोटासाठी पुण्याला गेले. कटगुण, खानवडी, पुणे अशी नकाशावर रेघ ओढली तर ती या जुन्या रस्त्याच्या आजूबाजूनंच जाते. सातारच्या कोरडवाहू भागातल्या घराण्यांची ही ठरलेली चाल आहे. आधी जमीन किंवा मान जातो, मग मधल्या एखाद्या गावात पिढी जाते, मग शहर. आमच्या घराचंही तसंच झालं. फरक एवढाच की, मधलं गाव आम्हाला लागलं नाही, कारण तोवर रेल्वे आली होती.

पुण्यात वाढलेले जोतीराव सरकारी कामांचे कंत्राटदारही होते. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण आणि कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांच्या कंपनीचं नाव जोडलेलं आहे. खाणीतला दगड, चुना, मजुरांची हजेरी, त्यावर वरच्या साहेबांची आणि मधल्या कारकुनांची हातचलाखी, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि पुढं त्यावर लिहिलंही. ज्या बोगद्यामुळं साताऱ्याची रहदारी हळूहळू कात्रजकडं वळली, त्याच्या कामात कटगुणच्या गोऱ्ह्यांच्या वंशजाचा वाटा होता. ही गोष्ट मला खात्यात असताना कुणी सांगितली नाही. आमच्या प्रशिक्षणात ती असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. रस्ता कुणी बांधला हे माहीत असलेला अभियंता मजुराचं मस्टर वेगळ्या नजरेनं भरतो. आता पुरंदरच्या विमानतळासाठी ज्या सात गावांची नावं पुढं आली, त्यांत खानवडीही आहे.

सासवडच्या पुढं, मार्चच्या सुमारास, रस्त्याच्या कडेला अंजिराच्या पाट्या लागतात. पुरंदरचं अंजीर म्हणजे पातळ साल, जांभळट रंग आणि आत लालसर गर. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शेतकरी दोन बहार धरतात, खट्टा आणि मीठा. चव मीठ्या बहाराला, तो उन्हाळ्यात येतो. एका बाईंच्या पाटीपुढं मी आणि बायको थांबलो. पाटीत खाली अंजिराचीच पानं, वर एकेक फळ देठ वर करून मांडलेलं, देठाला पांढरा चीक अजून ओला. ‘काका, आज सकाळीच तोडल्यात. पुण्याला न्यायची आसतील तर हिरवट देते, आत्ता खायची आसतील तर ही घ्या,’ असं म्हणून तिनं टोकाला किंचित उललेली चार फळं वेगळी काढली. गावाकडं निघालोय म्हटल्यावर तिनं हिरवट आणि पिकलेली निम्मी निम्मी दिली. अंजीर पुरतं पिकलं की दिवसभरही टिकत नाही. महामार्गावरच्या दुकानात ते त्यामुळंच कधी भेटत नाही, भेटतं ते खोक्यातलं आणि अर्धकच्चं.

जेजुरीचा गड लांबून दिसायला लागला की ही हात जोडते आणि मी गाडी हळू करतो. वर जायचं ते वेगळं सवडीनं. वाल्ह्याचा परिसर उघडा, माळाचा. वाल्मीकींची कथा इथल्या लोकांनी आपल्या डोंगराशी जोडून ठेवली आहे. नीरेला आलं की हवाच बदलते. भाटघर धरणाचं पाणी कालव्यानं इथून पुढं बारामतीकडं जातं. धरणाचं काम 1928 मध्ये पुरं झालं, पण नीरेचा डावा कालवा त्याच्याही आधीचा, 1885 च्या सुमाराचा. त्या पाण्यानं एका बाजूला ऊस उभा केला आणि दुसऱ्या बाजूच्या माळाला तसंच कोरडं ठेवलं. या भागाचं पुढचं सगळं राजकारण त्यातून उगवलेलं आहे. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना इथं नीरास्नान घालतात आणि पालखी पुण्याची हद्द सोडते. पलीकडं पाडेगाव, तिथं 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. ‘नीरा’ या नावानं आमच्याकडं घरोघर लावलेल्या उसाचा या केंद्राशी संबंध आहे, हे ऊस लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. रस्त्यानं जाणाऱ्याला मात्र फक्त एक पाटी दिसते.

लोणंदला कांद्याच्या गाड्यांतून वाट काढायची, चहा घ्यायचा आणि सालप्याकडं वळायचं. इथून पुढचा रस्ता माझा.

*

सालप्याचा घाट उंच नाही. सह्याद्रीच्या घाटांशी त्याची तुलनाच होत नाही. महादेवाच्या डोंगररांगेतली ही एक खिंड. उत्तरेला नीरेचं खोरं, दक्षिणेला कृष्णेचं. पाऊस इकडं पडला काय आणि तिकडं पडला काय, दोन्हीकडचं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं, पण नीरेचं पाणी भीमेतून मोठा वळसा घेऊन जातं. खिंड सोपी असल्यामुळंच ती महत्त्वाची झाली. अवघड घाटातून फौज जाते, पण तोफा आणि बाजारबुणगे जात नाहीत. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पेशवा बाजीराव साताऱ्याजवळच्या माहुलीकडं सरकला. इंग्रजांचा जनरल स्मिथ त्याच्या मागावर निघाला तो याच सालप्याच्या घाटानं वर आला. पुढं 10 फेब्रुवारी 1818 ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि 20 फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले व छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मराठ्यांचं राज्य बुडालं त्या महिन्यांत या घाटानं दोन्ही बाजूंच्या फौजा पाहिल्या. तिथं त्याची एक ओळीची पाटीही नाही.

त्या काळातल्या ‘रस्त्या’चं चित्र डोळ्यांपुढं आणताना डांबर, खडी विसरायला हवी. मालाची खरी वाहतूक वंजाऱ्यांच्या लमाण बैलांवर व्हायची. मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं आणि हजारो बैलांचे तांडे पाठीवर गोण्या घेऊन चालायचे. गाड्या होत्या, पण जड आणि ओबडधोबड. इंग्रज अमदानीत जमिनीच्या पाहणीवरच्या लेफ्टनंट गैसफर्डनं 1836 साली टेंभुर्णीला सुधारलेल्या बैलगाड्यांचा कारखाना काढला. हलकी, मजबूत चाकांची गाडी तिथून पसरली आणि तिच्यासाठी पक्क्या सडका लागू लागल्या. बोरघाटाचा गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 ला खुला झाला होता, 1854 मध्ये सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि देशावरच्या सडकांना मुरूम, खडी, मोऱ्या मिळाल्या. आमच्या खात्याचा जन्म असा बैलगाडीच्या चाकाशी बांधलेला आहे.

घाटातली एक मोरी मी नेहमी बघतो. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडं काढणारा लहानसा पूल. वरून गेलात तर कळणारही नाही, कठड्याचे दोन दगड फक्त दिसतात. खाली उतरलं की काळ्या पाषाणाची अर्धगोल कमान. प्रत्येक दगड पाचरीच्या आकारात घडवलेला, समोरचा चेहरा टाकीनं सारखा केलेला, कडेनं बोटभर रुंदीची सपाट पट्टी आणि मधे टाकीचे तिरपे ठिपके. सांधे चुन्याचे आणि इतके पातळ की नखाचं टोक आत जात नाही. कमानीच्या माथ्याचा कळीचा दगड इतरांपेक्षा जरासा पुढं काढलेला. पाणी जिथून आत येतं तिथं दोन्ही बाजूंना पंखभिंती, म्हणजे पूर आला तरी भराव कापला जाऊ नये. तळाला फरसबंदी. बैलगाडीसाठी बांधलेल्या या मोरीवरून आज दहा-बारा चाकांचे उसाचे ट्रक जातात आणि कमानीला केसाएवढीही भेग नाही. मी नोकरीत पाइप टाकून केलेल्या मोऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यांची तोंडं गाळानं बुजलेली आणि काठ खचलेले बघितले की या घडवणाऱ्या वडारांपुढं मान खाली जाते. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या दगडावर नाही. दगडावर असतो तो फक्त क्रमांक.

या रस्त्याचा आणखी एक इतिहास आहे, तो दुष्काळाचा. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात सरकारनं कामं काढली, आणि सर रिचर्ड टेंपलनं मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली आणि सत्यशोधक समाजानं धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. देशावरच्या किती सडका, तलाव आणि भराव अशा उपाशी हातांनी झाले, याची मोजदाद रस्त्याच्या कागदांत कधी नसते. कागदांत घनफूट असतात.

1972 चा दुष्काळ मात्र मला स्वतःला आठवतो. मी लहान होतो, शाळेत जात होतो. आमच्या खोऱ्यातल्या विहिरी आटल्या, बैल विकले गेले आणि आई, चुलती, गावातल्या बहुतेक बाया खडी फोडायच्या कामावर जाऊ लागल्या. हातात लहान हातोडी, डोक्यावर पदर, पायाच्या अंगठ्यानं दगड धरायचा आणि ठरल्या मापाची खडी पाडायची. खडीचे ढीग मापात लावले की मुकादम टेप लावून बघायचा. माप कमी भरलं की पैसे कमी. संध्याकाळी सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. गोडसर, पिठूळ चव अजून जिभेवर आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायचो आणि छोटे दगड वेचून द्यायचो. तिच्या उजव्या भुवईवर चिपर उडून लागल्याची खूण आजही दिसते. आता तिला नव्वदीचा उंबरठा लागला आहे. गाडीतून या रस्त्यानं नेली की वाठारच्या अलीकडच्या एका वळणावर ती हमखास म्हणते, ‘हितली खडी आमची.’

पुढं रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. देशभर त्याचं नाव झालं, आणि बऱ्याच वर्षांनी केंद्रानं केलेल्या कायद्यालाही त्याचाच आधार होता. माझ्या नोकरीची पहिली वर्षं हमीच्याच कामांवर गेली. पण तो कायदा येण्याआधी तो रस्त्यावर, या बायांच्या हातोड्यांखाली तयार झाला होता, असं मी मानतो.

घाट चढून आदर्कीच्या बाजूला आलं की रेल्वेची लाइन सोबत येते. सदर्न मराठा रेल्वेनं 1880 च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडं मीटरगेज टाकली ती कात्रजवरून नाही, तर सासवड रोड, जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार अशी. आगगाडीलाही बैलासारखाच सोपा चढ हवा असतो, आणि म्हणून नव्या यंत्रानं जुनीच वाट निवडली. डोंगराला वळसे घेत, बोगद्यांतून ती वर येते. या एका निर्णयानं आमच्या भागाचं नशीब बदललं. महाबळेश्वरला जाणारे साहेब आणि मुंबईचे धनिक वाठारला उतरू लागले आणि तिथून टांग्यानं वाई, पसरणीचा घाट, पाचगणी करत वर जाऊ लागले. टांग्यांचे घोडे बदलायची ठाणी, धर्मशाळा, खानावळी उभ्या राहिल्या. गावाचं नावच ‘वाठार स्टेशन’ पडलं आणि सातबाऱ्यावरही तेच चढलं. पुढच्या सातारा रोड स्टेशनजवळ धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये लोखंडी नांगरांचा आणि अवजारांचा कारखाना काढला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. 1971 मध्ये लाइन रुंद झाली. आमच्या गावातल्या तीन पिढ्या याच लाइननं मुंबईच्या गिरण्यांत गेल्या. आजोबा परळला गेले, ते बैलगाडीनं वाठारला येऊन पॅसेंजर पकडूनच. सुट्टीवर येणाऱ्या गिरणीवाल्यांसाठी स्टेशनवर आमच्या गावची छकडी उभी असायची, आणि गाडी उशिरा आली तर गाडीवान तिथंच मुक्काम करायचा.

महामार्ग रुंद झाला, एस.टी. आणि ट्रकांनी कात्रज-खंबाटकी पकडली आणि आमचा रस्ता मागं पडला. त्या मागं पडण्यानंच तो वाचलासुद्धा. आदर्कीजवळ एका वडाखाली एक म्हातारे मैलकुली भेटले, खात्यातून सुटून पुष्कळ वर्षं झालेले. मैलकुली म्हणजे ठरावीक टप्प्याच्या रस्त्याची निगा राखणारा माणूस. साइडपट्टी भरायची, चर काढायचे, झाडांना आळी करायची. मी खात्यातला आहे म्हटल्यावर ते मोकळे झाले. ‘ह्यो वड आमच्या म्हाताऱ्यानं खुंट रवून लावलाय. पावसाळ्याच्या तोंडाला मांडीएवढी फांदी तोडायची, वरच्या अंगाला शेणाचा गोळा लावायचा आन खड्ड्यात उभी करायची. दोन उन्हाळं कावडीनं पानी घातलं की मग त्यो आपला आपण.’ वडाच्या बुंध्यावर गेरू आणि चुन्याचे पट्टे अजून आहेत आणि त्यावर काळ्या रंगानं घातलेला क्रमांक. खात्याच्या झाडांची अशी नोंदवही असायची. चिंचांचा आणि आंब्यांचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि ते पैसे सरकारजमा व्हायचे. एकेका झाडाला क्रमांक देऊन सांभाळणारं खातं मी पाहिलेलं आहे. म्हणून झाडं तोडायची निविदा निघते तेव्हा मला नुसतं वाईट वाटत नाही, खात्यानं आपलीच नोंदवही फाडल्यासारखं वाटतं.

दिवे घाटापासून लोणंद-फलटणपर्यंत आता पालखी महामार्गाचं काम चाललं आहे. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट आणि मोठ्या गावांना बाहेरून वळणरस्ते, असा तो आराखडा आहे. रस्ता हवाच. उसाच्या गाड्या आणि वारीची गर्दी एका पट्टीत मावत नाही, अपघात होतात, माणसं जातात. मी जन्मभर रस्ते रुंद केले, मी त्याला विरोध करणार नाही. माझं म्हणणं कामाच्या पद्धतीबद्दल आहे. भूसंपादनाच्या मोजणीत घर, विहीर, झाड, पाइपलाइन यांचे रकाने असतात. जुन्या मैलाच्या दगडाला, घडीव मोरीला, पाराला, धर्मशाळेच्या ओट्याला रकाना नसतो. रकाना नाही म्हणून ते बुलडोझरखाली जातात. कुणाच्या मनात द्वेष असतो म्हणून नाही.

सालप्याच्या घाटापर्यंत हे काम आलेलं नाही, पण येईल. आलं तर तिथल्या अभियंत्यांना माझी, खात्यातल्या जुन्या माणसाची विनंती आहे. मोजणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. घडीव मोरी वळवून नवी बांधता येते का ते आधी बघा, जुनी पायवाटेखाली तशीच राहू द्या. मैलाचे दगड उखडताना फोडू नका, जवळच्या झेडपीच्या शाळेत उभे करा. मुलं त्यावर बसतील, पण विचारतीलही. यासाठी वेगळा निधी लागत नाही, जेसीबीवाल्याला दोन वाक्यं सांगावी लागतात.

आणि वाचकांनो, साताऱ्याकडं निघाल तेव्हा एकदा तरी हडपसरच्या गाडीतळावरून उजवीकडं वळा. सकाळी सातच्या आत निघा, सासवडला न्याहारी करा, दुपारच्या आत लोणंद गाठा. सालप्याचा घाट दिवसाउजेडी चढा, रात्री तिथं दिवे नाहीत आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा नसतो. वाठारला आलात की बाजारात कोरेगावचा वाघ्या घेवडा मागून घ्या. नवं पीक दसरा-दिवाळीच्या सुमारास येतं, तेव्हा आलात तर उत्तम.